दोन मोटरचं फोमचं विमान: उडवायचं कसं, दुरुस्त करायचं कसं

हजार-दोन हजार रुपयांत मिळणारं रिमोटचं विमान, खोक्यावर चित्र लढाऊ जेटचं असो नाहीतर ग्लायडरचं, आतून बहुधा एकाच जातीचं असतं. फोमचं अंग, पंखांचा पसारा ३०-३५ सेंटिमीटर, पंखांच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या मोटर, पोटात टपाल तिकिटाएवढा सर्किट बोर्ड आणि एकाच सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी. रिमोट २.४ गिगाहर्ट्झचा. याला दोन चॅनलचं विमान म्हणतात: एक चॅनल ताकदीचा, दुसरा डावी-उजवीचा.

शेपटीवर सुकाणूच्या रेषा कोरलेल्या दिसतात, पण तिथलं काहीच हलत नाही. डावीकडे वळायचं असेल तर बोर्ड डावी मोटर मंद करतो आणि उजवी जोरात ठेवतो. वर जायचं तर दोन्ही जोरात, खाली यायचं तर दोन्ही मंद. बस, एवढंच. ज्यांच्या शेपटीची पट्टी सर्व्होवर (पट्टी हलवणाऱ्या छोट्या मोटरवर) खरोखर वर-खाली होते ती तीन चॅनलची विमानं; त्यांना उडवायची रीत थोडी वेगळी आहे, पण फोम, मोटर आणि बॅटरीबद्दल इथे जे आहे ते त्यांनाही लागू पडतं.

हातात दोनच गोष्टी असल्यामुळे बाकी सगळं वजनावर आणि सरळपणावर ठरतं. हे विमान बिघडतं क्वचित. जड आणि वाकडं मात्र रोज होत असतं. म्हणून पहिलं काम: नवं कोरं असतानाच बॅटरीसकट वजन करा. सोनाराकडे असतो तसा खिशातला ०.१ ग्रॅमचा काटा असेल तर उत्तम, नाहीतर स्वयंपाकघरातला १ ग्रॅमचा चालेल. आकडा पोटावर मार्करने लिहून ठेवा. समजा तो ५५ ग्रॅम आहे आणि चार दुरुस्त्यांनंतर ६५ झाला. दहाच ग्रॅम वाढले, पण हवेत टिकायला लागणारा वेग सुमारे ९ टक्क्यांनी वाढला आणि लागणारी ताकद सुमारे २८ टक्क्यांनी. या मोटरमध्ये तेवढी शिल्लक नसते. मग विमान जमिनीलगत रखडत जातं आणि लोक बॅटरीला दोष देतात.

घरातली तयारी

पंख आणि शेपटी नुसत्या खाचेत बसवलेल्या असतात. बसवून झाल्यावर विमान डोळ्यासमोर धरा आणि मागून, शेपटीच्या बाजूने एक डोळा मिटून बघा. दोन्ही पंखांच्या मागच्या कडा एका रेषेत दिसल्या पाहिजेत. एका पंखाची मागची कडा खाली वाकलेली असेल तर तो पंख जास्त उचलतो आणि विमान दुसऱ्या बाजूला कलंडतं. २ मिलिमीटरचा फरकसुद्धा हवेत कळतो. खोक्यात दाबून आलेला फोम बहुतेक वेळा इथेच वाकडा असतो.

मग तोल. सरळ आयताकृती पंख असेल तर पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर, दोन्ही बाजूंना पंखाखाली एकेक बोट टेकवून विमान उचला. नाक किंचित खाली झुकलं तर चालेल, शेपटी खाली गेली तर नाही. मागे झुकलेल्या, जेटसारख्या पंखांना हा हिशेब लागू होत नाही. तिथे गुरुत्वमध्य पत्रकात दिलेल्या जागी धरायचा, आणि तो दिला नसेल तर थेट घरंगळ चाचणी (ती पुढे 'फेक'मध्ये आहे). बॅटरी तिच्या कप्प्यात पुढे-मागे सरकत असेल तर फोमचा तुकडा ठासून ती पक्की करा. इतक्या लहान विमानात बॅटरी एक सेंटिमीटर मागे गेली तरी तोल बिघडतो.

बॅटरी ३.७ व्होल्टची, बहुधा १०० ते ३०० एमएएच. पूर्ण भरल्यावर मल्टिमीटर ४.२० व्होल्ट दाखवतो. सोबत येणाऱ्या यूएसबी वायरच्या टोकाशी चार्जिंगचं छोटं सर्किट असतं. काही वायरींमध्ये ते इतकं साधं असतं की भरल्यावर थांबतच नाही. पहिल्या चार्जिंगनंतर एकदा मोजा, ४.२५ च्या वर दिसलं तर ती वायर टाकून द्या. मोबाइलचा वेगवान चार्जर लावला म्हणून बॅटरी फुगत नाही, कारण या वायरला तो ५ व्होल्टच देतो. फुगते ती थांबायला सांगणारं कोणी नाही म्हणून. चार्जिंग फरशीवर किंवा स्टीलच्या ताटलीत, डोळ्यांसमोर. गादीवर नाही, रात्री झोपताना तर मुळीच नाही.

रिमोट आणि विमानाची जोडणी बहुतेकांत अशी: विमान सपाट जागेवर ठेवून चालू करायचं, मग रिमोट चालू करायचा, आणि थ्रॉटलची, म्हणजे मोटरची ताकद कमी-जास्त करायची स्टिक एकदा पूर्ण वर नेऊन पूर्ण खाली आणायची. लुकलुकणारा दिवा स्थिर झाला की जोडणी झाली. आत जायरो (विमानाचा कल ओळखून ते सरळ ठेवणारा सेन्सर) असेल तर हे करताना विमान हातात धरू नका. त्या क्षणी ते जसं असेल त्यालाच तो 'सरळ' समजतो आणि मग हवेत सतत एका बाजूला ओढतो. बंद करताना आधी विमान, नंतर रिमोट.

मैदान आणि वारा

या विमानाचा स्वतःचा वेग सेकंदाला पाच-सहा मीटरच्या आसपास. वारा सेकंदाला ३ मीटर असला तर समोर जाताना वेग निम्मा आणि वाऱ्याबरोबर दीडपट. नवशिक्याला झेपेल असा वारा म्हणजे सेकंदाला दीड मीटरपर्यंत. तो ओळखायला अ‍ॅप नको, उदबत्ती पेटवा. धूर कलतो पण पानं हलत नाहीत, तर उडवा. पानं सळसळायला लागली आणि तोंडावर वारा जाणवला की हात बसलेल्यांनीच उडवायचं. फांद्या हलत असतील तर घरी जा.

किनारपट्टीवर दुपारी खारे वारे सुटतात, देशावर ऊन तापलं की भोवरे उठतात. सूर्योदयानंतरचे दोन तास सगळीकडे बरे. संध्याकाळी वारा पडतो खरा, पण सूर्य क्षितिजाला टेकल्यावर विमान त्याच्यासमोरून गेलं की काळा ठिपका होतं आणि डावं-उजवं कळेनासं होतं. सूर्य नेहमी पाठीशी हवा.

मैदान किमान क्रिकेटचं, म्हणजे चहूबाजूंनी पन्नास-साठ मीटर मोकळं. गवत असेल तर देवच पावला. मुरमाच्या मैदानावर नाक आणि प्रॉपेलर दोन्ही जातात. जमिनीलगत रिमोटचा पल्ला बहुधा ५० ते १०० मीटर. दुसऱ्या कोणाला विमान धरायला सांगून पन्नास पावलं चालत जा आणि दोन्ही मोटर कमी-जास्त करून बघा. तिथेच अडखळत असेल तर हवेत अडखळेलच.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र 'नॅनो' गटात येतं आणि ते उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. जागेचा नियम मात्र वजन बघत नाही: चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुंबईची बरीच उपनगरं त्यातच मोडतात. शिवाय मुंबई पोलीस ड्रोन, पॅराग्लायडर आणि रिमोटवरची विमानं यांच्यावर वेळोवेळी बंदीचे आदेश काढतात. शहराबाहेर जाणं सोयीचं, ते याच कारणाने.

घारी घिरट्या घालत असतील तर थांबा. त्या विमानाचा पाठलाग करतात, आणि पंजा फोममधून आरपार जातो. आणि संक्रांतीच्या आठवड्यात मैदानावर मांजा पडलेला असतो. तो प्रॉपेलरमध्ये गेला की मोटर जळेपर्यंत सुटत नाही.

फेक

आधी मोटर बंद ठेवून घरंगळ चाचणी. खांद्याच्या उंचीवरून, वाऱ्याकडे तोंड करून, नाक अगदी किंचित खाली ठेवून भाल्यासारखं सरळ सोडा. चेंडूसारखं वर भिरकवायचं नाही. दीड मीटरवरून सोडलेलं विमान सरळ रेषेत सहा-आठ मीटर जाऊन पोटावर उतरलं पाहिजे. वर चढून थबकलं आणि नाकावर पडलं तर शेपूट जड. थेट खाली गेलं तर नाक जड. डावीकडे किंवा उजवीकडे गेलं तर पंख पिळलेला आहे. हे मोटर चालू करण्याआधीच सरळ करा. दोन-तीन वेळा सोडून बघा, एका फेकीवर विश्वास ठेवू नका.

नाकात वजन घालायचं तर लहान मुलांची रंगीत क्ले सगळ्यात सोयीची. हरभऱ्याएवढी गोळी साधारण अर्धा ग्रॅम भरते. एकेक गोळी चिकटवत जा. खिळे, नाणी ठोकू नका. आपटल्यावर ती फोम फाडून पुढे जातात.

आता ताकदीसह. विमान प्रॉपेलरच्या पुढे, पोटाला धरा. मोटर मागे असतात, त्यामुळे सोडताना मनगट वर वळलं तर बोटाला लागतं. थ्रॉटल पूर्ण वर, एक सेकंद मोटरना वेग घेऊ द्या, मग वाऱ्याच्या समोर, जमिनीला समांतर ढकला. धावत जायची गरज नाही. पहिले २० मीटर वळायच्या स्टिकला हात लावू नका. विमान स्वतःच हळूहळू चढतं. दहा-पंधरा मीटर उंची मिळाल्याशिवाय वळवायचं नाही.

वळणं

इथेच सगळी विमानं पडतात, म्हणून जरा सावकाश.

वळताना पंख कलतो, आणि कललेला पंख पूर्ण वजन उचलू शकत नाही. वर एक मोटर मंद झालेली असते, म्हणजे एकूण ताकदही कमी. त्यामुळे प्रत्येक वळणात उंची जाते. स्टिक धरून ठेवली की कल वाढत जातो, नाक खाली जातं, वेग वाढतो, आणि विमान गोल गोल फिरत जमिनीत घुसतं. घाबरून माणूस स्टिक आणखी दाबतो, आणि गिरकी आणखी घट्ट होते.

वळण टिचक्यांनी घ्यायचं. अर्धा सेकंद स्टिक, सोडा, विमान काय करतंय ते बघा, पुन्हा अर्धा सेकंद. या विमानांचे पंख बघितलेत तर समोरून किंचित 'व्ही'सारखे वर उचललेले असतात. स्टिक सोडली की ते आपोआप सरळ व्हायला बघतात. त्यांना ते करू द्या. आणि वळणाच्या आधी थ्रॉटल वाढवा, वळल्यावर नाही.

गिरकी लागलीच तर स्टिक मधे सोडून द्या, थ्रॉटल कमी करा, पंख सपाट झाले की पुन्हा ताकद द्या. यासाठी दहा मीटर उंची लागते, म्हणून वळणं उंचावर.

विमान तुमच्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं. मनात उलटा हिशेब करत बसू नका. तुम्हाला जो पंख खाली झुकलेला दिसतोय, त्याच बाजूला स्टिक न्या, जणू त्याच्याखाली टेकू लावताय. हे नेहमी बरोबर पडतं.

विमान आपल्या समोर आणि वाऱ्याच्या वरच्या बाजूला ठेवा. वाऱ्याबरोबर लांब गेलेलं विमान परत आणायला दुप्पट बॅटरी जाते, आणि ती नेमकी तेव्हाच संपत आलेली असते. १५० एमएएचच्या बॅटरीवर पाच-सात मिनिटं मिळतात. मोबाइलवर चार मिनिटांचा गजर लावा आणि तो वाजला की उतरवायला घ्या. विमान चढेनासं झालं म्हणजे बॅटरी संपलीच समजा.

उतरवताना वाऱ्याकडे तोंड, थ्रॉटल एक तृतीयांशावर, पंख सपाट. गुडघ्याच्या उंचीवर थ्रॉटल शून्य. आणि पडतंय असं दिसलं तर शेवटच्या सेकंदाला थ्रॉटल शून्य, दुसरं काहीही नाही. ही एकच सवय अर्ध्या दुरुस्त्या वाचवते: गवतात अडकलेली मोटर फिरू शकत नाही, पण करंट मात्र कितीतरी पट ओढते, आणि बोर्डवरचा मॉस्फेट (मोटरला करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) नाहीतर मोटरची गुंडाळी काही सेकंदांत जाते.

झाडात अडकलं तर दगड मारू नका, फोमची चाळण होते. आंबे काढायचा झेला यासाठी बनवलाय की काय असं वाटावं इतका उपयोगी पडतो. विजेच्या तारेवर अडकलं तर झेला, काठी, बांबू काहीही लावायचं नाही. ते विमान गेलं.

उडतंय, पण नीट नाही

वर चढतं, थबकतं, नाक टाकतं, पुन्हा चढतं, अशा लाटा मारत असेल तर शेपूट जड आहे किंवा शेपटीचा आडवा भाग मागून वर वाकलाय. आधी तो सरळ करा, मग नाकात क्ले. फक्त पूर्ण थ्रॉटलवरच लाटा मारत असेल तर दोष विमानाचा नाही, थ्रॉटल तीन चतुर्थांशावर ठेवा.

एकाच बाजूला ओढतंय. मोटर बंद करून घरंगळवलं तरी ओढतं का ते बघा. ओढत असेल तर पंख वाकडा. सरळ जात असेल तर दोष मोटरचा किंवा प्रॉपेलरचा: त्या बाजूची मोटर मंद आहे. रिमोटवरचं ट्रिम (ओढ सुधारायचं छोटं बटण) दाबून तात्पुरतं भागतं, पण ट्रिम पूर्ण टोकाला न्यावं लागलं की दुरुस्तीची वेळ आली.

मोटर जोरात घुरघुरतात पण विमान चढत नाही. यात पहिला संशय प्रॉपेलरवर. दोन बाजूंचे प्रॉपेलर सहसा उलट-सुलट असतात, 'ए' आणि 'बी' अशी बारीक अक्षरं त्यांवर असतात. बदलताना अदलाबदल झाली तर वारा पुढे फेकला जातो; उलटा बसला तर वारा मागेच जातो, पण जोर कमी पडतो. अक्षरं असलेली, फुगीर बाजू नेहमी विमानाच्या तोंडाकडे. मोटर मागे असली तरी तेच. बसवल्यावर हाताच्या पंजावर मागे वारा लागतो का ते बघा.

मोटर आणि बोर्ड

मोटर फिरत नसेल तर भिंगातून दांडीकडे बघा. केस, लोकरीचा धागा, गालिच्याचा तंतू दांडीभोवती गुंडाळलेला असतो. चिमट्याने ओढून काढा, ब्लेडने कापू नका.

प्रॉपेलर ढिला होऊन दांडीवर नुसता फिरत असेल तर फेविक्विकचा मोह टाळा. तो पातळ असतो, दांडीवरून झिरपून मोटरच्या आत जातो आणि मोटर कायमची धरते. नवा प्रॉपेलर घाला. जुना काढायला काटाचमचा घ्या: काट्याचे दाते प्रॉपेलर आणि मोटर यांच्या मधे सरकवून सरळ वर उचला. नवा दाबताना मोटरची मागची टोपी टेबलावर टेकलेली असू द्या, नाहीतर दांडी मागे सरकते आणि टोपी ब्रशसकट बाहेर येते. प्रॉपेलर आणि मोटर यांच्यात कागदाच्या चार-पाच घड्यांएवढी, अर्धा मिलिमीटर फट ठेवा.

केस नाही, प्रॉपेलर ठीक, तरी फिरत नाही, तर मोटर की बोर्ड? मोटरच्या दोन्ही वायरी सुट्या करून भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलला लावा. चांगली मोटर लगेच फिरते. फिरली नाही किंवा बोटाने ढकलल्यावरच फिरली तर तिचे ब्रश संपले. या कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरचं आयुष्य मुळातच काही तासांचं असतं, त्यात तुमची चूक नाही. मोटर फिरली तर दोष बोर्डचा. बॅटरी लावताच, रिमोट न छेडता, एक मोटर सुसाट सुटत असेल तर त्या बाजूचा मॉस्फेट शॉर्ट झालाय. तो तीन पायांचा, तांदळाच्या दाण्याएवढा काळा तुकडा असतो. बहुतेक बोर्डांवर एसआय २३०२ किंवा एओ ३४०० किंवा त्यासारखाच एन-चॅनल प्रकारचा मॉस्फेट चालतो, पाय सारखेच. बारीक टोकाचं सोल्डरिंग आयर्न आणि भिंग नसेल तर हे काम मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे द्या; त्याचं ते रोजचंच आहे.

नवी मोटर घेताना पट्टीने मोजा. ७१६ म्हणजे ७ मिलिमीटर व्यास आणि १६ लांबी, ७२० म्हणजे ७ आणि २०, ८५२० म्हणजे साडेआठ आणि २०. दांडीची जाडीही जुळायला हवी, बहुधा १ मिलिमीटर किंवा ०.८. लाल-निळ्या वायरींची मोटर घड्याळाच्या दिशेने आणि काळ्या-पांढऱ्या वायरींची उलट, असा प्रघात आहे. पण जोडण्याआधी सेलवर फिरवून खात्री करा. मोटर नेहमी जोडीने बदला. एक नवी, एक जुनी ठेवलीत तर विमान जन्मभर एका बाजूला ओढत राहील. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, नाहीतर ऑनलाइन ड्रोनचे सुटे भाग म्हणून शोधलं की मिळतात.

सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं पुरे. वायर केसासारखी असते. आधी वायरच्या टोकाला कथील लावा, मग बोर्डवरच्या टिकलीला लावून फक्त दोन सेकंद टेकवा. जास्त वेळ धरलं तर टिकली उखडते. जोड गार झाल्यावर त्यावर गरम गोंदाचा एक थेंब टाका, म्हणजे आपटल्यावर वायर हिसडली तरी ताण जोडावर येत नाही.

अँटेना म्हणजे बोर्डवरून निघालेली एकच सुटी वायर. ती गुंडाळू नका, मोटरच्या वायरींत पिळू नका. तुटलीच तर बारीक वायरचा तुकडा लावा आणि बोर्डपासून तिची लांबी ३१ मिलिमीटर ठेवा, २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीचा तो चौथा हिस्सा आहे.

फोम

दुरुस्तीआधी फोम ओळखा. आतल्या बाजूला नखाने दाबा. दबलेली खूण परत वर आली, फोम वाकवला तर वाकला, तो ईपीपी. खूण तशीच राहिली, कट् आवाज करून तुटला आणि पांढरे दाणे गळाले, तो साधा थर्माकोल. हा फरक महत्त्वाचा, कारण फेविक्विक आणि फेविबाँडसारखे सॉल्व्हंटचे गोंद थर्माकोलला अक्षरशः खातात. चिकटवायला गेलात तर भोक पडतं. थर्माकोलला पांढरा फेविकॉल लावून रात्रभर ठेवा, किंवा पाच मिनिटांत वाळणारा इपॉक्सी लावा. ईपीपीला फेविक्विक चालतो, पण जोड काचेसारखा कडक होतो आणि पुढच्या वेळी त्याच्या शेजारी तुटतं. ईपीपीसाठी गरम गोंदाची बंदूक बरी, जोड किंचित लवचीक राहतो.

फक्त गोंद मोजून वापरा. ७ मिलिमीटरच्या कांडीचा एक सेंटिमीटर म्हणजे जवळपास ०.४ ग्रॅम. ११ मिलिमीटरच्या जाड कांडीचा एक सेंटिमीटर म्हणजे ०.९ ग्रॅम. शेपटीवर एक ग्रॅम चढवला की तोल राखायला नाकात दोन-तीन ग्रॅम घालावे लागतात, कारण शेपूट तोलाच्या बिंदूपासून लांब आणि नाक जवळ. शेपटीची दुरुस्ती म्हणूनच सगळ्यात कंजूषपणे करायची.

मुळापाशी तुटलेला पंख असा जोडा. तुटलेल्या कडा कापून सरळ करू नका. त्यांचे खडबडीत दाणे एकमेकांत तंतोतंत बसतात, तीच खरी पकड आहे. कोरडे जोडून बघा, बसले की पंखाच्या खालच्या बाजूला, पुढच्या कडेपासून एक तृतीयांश अंतरावर, तुटीच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच सेंटिमीटर जाईल अशी दोन मिलिमीटर खोल चीर ब्लेडने पाडा. आता कडांना गोंदाचा पातळ थर द्या, पाच सेकंद थांबा, दाबून धरा. चिरेत आधार बसवा. बाजारात एक मिलिमीटरची कार्बनची काडी मिळते, पण फाटलेल्या पतंगाची कामटी किंवा खराट्याचा सुका हीरही तितकंच काम करतो आणि हलका असतो. कार्बनची काडी वीजवाहक असते, ती अँटेनाच्या शेजारी नको. शेवटी वर आणि खाली पारदर्शक टेपची एकेक पट्टी, बस. जोड गार होईपर्यंत विमान सपाट टेबलावर ठेवा आणि जोडलेला पंख दुसऱ्या पंखाइतकाच वर राहील एवढ्या उंचीची वही त्याच्याखाली देऊन दाबून ठेवा. हातात धरून वाळवलेला पंख हमखास पिळलेला निघतो.

नाक चेपलं असेल तर गोंद-टेप काहीच नको. ईपीपी असेल तर बॅटरी काढा, बोर्ड सुका राहील असं धरा आणि चेपलेला भाग वीस-तीस सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा किंवा वाफेवर धरा. दाणे पुन्हा फुगतात. वाकलेला पंखही असाच मऊ करून, योग्य आकारात धरून गार करायचा. थर्माकोलला हे करू नका, तो आक्रसतो.

भिजलेलं, फुगलेलं

विमान पाण्यात पडलं तर पहिल्यांदा बॅटरी काढा, मग बाकीचं. पाणी गढूळ किंवा समुद्राचं असेल तर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन सावलीत चोवीस तास वाळवा. 'बघू चालतंय का' म्हणून मधेच बॅटरी लावली की बोर्ड जातो.

बॅटरी ३ व्होल्टच्या खाली गेली की तिची ताकद कायमची कमी होते. उडवून आल्यावर ती गरम असते. वीस मिनिटं गार होऊ द्या, मग चार्ज करा. महिनाभर उडवायचं नसेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवू नका, ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवा. उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. फुगलेली बॅटरी टाचणीने टोचून 'हवा काढायची' नसते, पेट घेते. तिच्या टोकांना टेप लावून ई-कचऱ्यात द्या. नवी घेताना एमएएचच्या आधी वजन बघा, आणि प्लग जुळला तरी लाल-काळ्या वायरींची बाजू तपासा. एकाच आकाराच्या प्लगमध्ये दोन कारखान्यांच्या वायरी उलट असू शकतात, आणि उलटी बॅटरी बोर्डला एकदाच लावता येते.

प्रत्येक दुरुस्तीनंतर विमान पुन्हा काट्यावर ठेवा आणि पोटावरच्या आकड्याशी ताडून बघा. दहा टक्क्यांपर्यंत वाढ खपते. त्यापुढे गेलं तर नवीन काही लावायच्या आधी जुनं काढा: टेपच्या तीन-चार थरांखाली जोड कधीच पक्का झालेला असतो. टेप तशीच ओढली तर फोमचे दाणे सोबत निघून येतात. आधी हेअर ड्रायरची कोमट हवा दहा सेकंद द्या आणि कडेपासून मागे दुमडत, फोमला लागून सोलत जा.